एकाच विशेषणाचं मानपत्र

हमरिया, मस्कत
शनिवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

तीर्थरूप सौ. जयवंतीताईस,

कृष्णकांतचा साष्टांग नमस्कार. (उजव्या गुडघ्याने संप पुकारल्यामुळे आठांपैकी सातच अंगांनी घातला आहे, गोड मानून घे.) तुझी शुगर, भावोजींचा खोकला आणि परसातली ती सारखी हंबरणारी काळी गाय, तिघांचीही प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. भावोजी काढा गुपचूप कुंडीत ओततात. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं आणि कुणाला सांगू नकोस असंही बजावलं, म्हणून फक्त तुला सांगतोय. मी इकडे मजेत आहे. उन्हाळा सुरू झालाय, गार पाण्याच्या नळाला गरम आणि गरम पाण्याच्या नळाला उकळतं पाणी येतं, बाकी काही तक्रार नाही.

ताई, हे पत्र आभाराचं आहे. तू पाठवलेल्या त्या तीन लांबलचक व्हॉइस मेसेजबद्दल, शाळेच्या कपाटातून तो जाडजूड जुना कोश उपसून काढल्याबद्दल, आणि त्याला शेवटाकडून लागलेली वाळवी टी या अक्षरापर्यंत पोचायच्या आत तिला औषध मारल्याबद्दल. त्यात काय एवढं, असं तू म्हणशील. म्हणू नकोस. त्यात काय एवढं तेच सांगायला बसलोय. चहा घेऊन बस, कारण मला थोडक्यात काही सांगता येत नाही हे तू मला मी चौथीत असल्यापासून ऐकवत आली आहेस.

तुला आमचे अ‍ॅबरनेथी साहेब फक्त ऐकून माहीत. स्कॉटलंडचे, अ‍ॅबर्डीनच्याही वरच्या बाजूच्या कुठल्याशा गावचे. गाला म्हणून मस्कतचा कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या आमच्या वर्कशॉपचे एकतीस वर्षं मॅनेजर. नाव कुणाच्या तोंडात बसेना म्हणून आम्ही कोकणातल्या पोरांनी त्यांना आबानाथ केलं, पुढे आबा. (त्यांना ते ठाऊक आहे. एकदा विचारलं होतं, अर्थ काय. वडीलधारा, म्हटलं. त्यावर ‘हं’ म्हणाले. हा त्यांचा त्या महिन्यातला सर्वांत मोठा संवाद.) उंची सहा फूट तीन इंच, कातडी उकडलेल्या कोलंबीच्या रंगाची, आणि शर्टाच्या खिशात कायम लाल पेन. आमच्याकडे पंपाचा दांडा असो नाहीतर साधा नट, त्याचं ड्रॉइंग आधी आबांच्या टेबलावर जातं. आबा लाल पेनने त्यावर चुका काढतात, ते परत येतं, आपण सुधारून रिव्हिजन बी पाठवायची, मग सी, मग डी. ‘मंजूर’ असा शिक्का बसल्याशिवाय लेथ मशीनचं बटण दाबायचं नाही. सत्तावीस वर्षं मी या शिस्तीत काढली. गावी आलो की तुझ्या आमटीतसुद्धा चुका काढतो, त्याचं मूळ हे असं आहे.

तर हे आबा निवृत्त झाले. आता आमची पद्धत तुला माहीतच आहे. वर्कशॉपमधून कुणी जुना माणूस निघाला की शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र लिहिणार कोण, तर अस्मादिक. आजवर तेवीस मानपत्रं लिहिली, एकाही सत्कारमूर्तीने तक्रार केली नाही. (दोघे तर ढसाढसा रडले. एक जण मानपत्र ऐकून निवृत्तीच रद्द करायला निघाला होता.) अठरा विशेषणांचा माझा ठरलेला साठा आहे. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, निगर्वी, अजातशत्रू असे क्रमाने लावत गेलं की पान भरतं, शेवटी ‘उदंड आयुष्य लाभो’ केलं की फ्रेमवाल्याकडे. तशाच हिशेबाने मी आबांचंही एका बैठकीत लिहून टाकलं.

पण ताई, खरं सांगू? हे चोविसावं मानपत्र मला नुसतं उरकायचं नव्हतं. मला या माणसाचे आभार मानायचे होते. नऊ वर्षं मानायचे राहिले होते, आणि तो गेला असता तर ते कायमचे राहिले असते. ती हकीकत मी गावी कुणालाच पुरती सांगितलेली नाही, तुलाही नाही, म्हणून आता सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यात लेथवरचा लोखंडाचा कीस उडाला. गावी मी ‘जरा डोळे आले आहेत’ असं कळवलं होतं. डोळे आले नव्हते, एक जायच्या बेतात होता. तीन महिने पट्टी. आणि कंपनीच्या हेड ऑफिसचा तेव्हाचा नियम असा की तीस दिवसांच्या वर कामाला निरुपयोगी झालेल्या माणसाला घरी पाठवायचं. त्यासाठी एक फॉर्म होता, त्याच्यावर वर्कशॉप मॅनेजरची सही लागायची. तीस दिवस संपल्यावर तो फॉर्म आबांच्या टेबलावर गेला आणि सहीविना परत आला. लाल पेनने लिहिलेलं, माझ्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवला. परत आला, तारीख महिन्याच्या आधी हवी. मग, फॉर्म जुन्या आवृत्तीचा आहे. मग, स्टेपलरची पिन उजव्या कोपऱ्यात आहे, डाव्या हवी. मग, घडी चुकीच्या ठिकाणी घातली आहे. मग, शाई निळी आहे, काळी हवी. काळी केली तर, फारच काळी आहे, वाचताना त्रास होतो. असं रोज चाललं. तोवर माझी पट्टी निघाली, डोळा उघडला, दिसायला लागलं आणि मी लेथवर उभा राहिलो.

त्या वर्षी आकांक्षा बारावीला होती. एक डोळा घेऊन, पन्नाशीचा टर्नर, गावी जाऊन मी काय केलं असतं? कुणी उभं केलं असतं? (पोरगी आज नर्स आहे, तिथे हे सगळं आलं.) कामावर परतलो त्या पहिल्याच दिवशी मी आबांच्या केबिनमध्ये गेलो आणि हात जोडले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘फॉर्म चुकीचा होता.’ बस. पुढे दरवर्षी दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन जायचो, विषय काढायचो, ते चकली मोडत म्हणायचे, फॉर्म चुकीचा होता. माणसाने आभार मानायचे तरी कुठे आणि कसे, सांग ना!

म्हणून मानपत्रात मधोमध तो प्रसंग घातला आणि वर अठरा विशेषणं रचली. जितेश म्हणून आमचा गुहागरचा वेल्डर आहे, त्याने त्याचं इंग्रजी करून दिलं, कारण सत्कारमूर्तीला मराठी कळत नाही. आणि इथेच घात झाला. जितेशने सवयीने ते इंग्रजी पान ड्रॉइंगच्या ट्रेमध्ये ठेवलं. म्हणजे कसं, वर्कशॉपमधून बाहेर जाणारा कुठलाही कागद त्या ट्रेमध्ये ठेवायचा, हे त्याच्या अंगात इतकं मुरलंय की स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्याने आधी तिथेच ठेवली होती. (ती एका दुरुस्तीसह मंजूर झाली होती. मुहूर्ताच्या पुढे ‘सकाळी’ की ‘संध्याकाळी’ ते नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी मानपत्र माझ्या टेबलावर. वर लिहिलेलं, ‘रिव्हिजन ए. नामंजूर.’ ताई, तो कागद मी जपून ठेवलाय, तुला दाखवीन. ‘कर्तव्यदक्ष’ खोडून, ‘पगार त्याचाच मिळतो.’ ‘मनमिळाऊ’ खोडून, ‘पुरावा?’ ‘चंदनाप्रमाणे झिजले’ खोडून, ‘गेल्या पाच वर्षांत वजन अकरा किलो वाढलं आहे, डॉक्टरचा कागद जोडला आहे.’ आणि खरोखर जोडला होता! ‘आम्हा सर्वांचा दीपस्तंभ’ याला, ‘कुठला? उंची किती, उजेड किती मैल?’ आणि ‘अजातशत्रू’, म्हणजे ज्याचा शत्रू जन्मालाच आलेला नाही असा, याच्या समासात, ‘आले आहेत, यादी सोबत.’ यादीत सात नावं होती, त्यात पाचवं माझं. प्रसंगाचा सगळा परिच्छेद एका तिरक्या रेघेने उडवलेला, खाली, ‘वस्तुस्थितीला धरून नाही. फॉर्म चुकीचा होता.’

माझं डोकंच फिरलं. तेवीस मानपत्रं लिहिलेल्या माणसाचा हा पाणउतारा! तावातावाने केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, साहेब, मानपत्र म्हणजे काय पंपाचा दांडा आहे? त्याला मापं लावतात का? मानपत्रात थोडं कमीजास्त असायचंच, सत्कारमूर्तीने मान खाली घालून बसायचं आणि ऐकून घ्यायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, खोटं मोजमाप माझ्या वर्कशॉपमधून बाहेर जात नाही, तू हवं तर मानपत्र देऊच नकोस. मी म्हटलं, देणार. ते म्हणाले, मग खरं लिही. बी, सी आणि डी अशाच उडाल्या. विशेषणं अठराची अकरा झाली, अकराची चार झाली, आणि शेवटी ‘उंच’ तेवढं उरलं, कारण ते फुटपट्टीने तपासता आलं. जितेश म्हणाला, दादा, ‘श्री. अ‍ॅबरनेथी हे उंच आहेत’ एवढंच मानपत्र द्यायचं का?

रिव्हिजन ई परत आली तेव्हा मात्र खाली आबांनी स्वतःच्या हाताने एक स्कॉटिश शब्द लिहिला होता. थ्रॉन. म्हणाले, माझी आजी मला हे एकच विशेषण लावायची, आणि ती खोटं बोलत नसे. हे चालेल. पण अर्थ नीट शोध, एकूण एक, आणि प्रत्येक अर्थापुढे पुरावा लाव. मी जितेशला विचारलं, त्याला माहीत नाही. आमच्या ऑफिसातली सफूरा, कर्मचारी विभागाची मुख्य, हिचं शिक्षण इंग्लंडात झालेलं, तिलाही माहीत नाही. तेव्हा मला तू आठवलीस, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली. (खोटं कशाला, आधी मी मोबाइलवर बघितलं होतं. एका शब्दात काहीतरी सांगून मोबाइल मोकळा झाला, तुझ्यासारखं सविस्तर कोण सांगणार.)

आणि ताई, तू काय सांगितलंस! पहिला मेसेज तर मी रात्रपाळीच्या पोरांना जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने ऐकवला. तो मुळात क्रियापदापासून झालेला शब्द, क्रियापदाचा अर्थ पिळणं, फिरवणं. कुलपात किल्ली फिरवायला तेच, कोंबडीची मान मुरगळायला तेच, आणि गवताचे दोर वळायला तिकडे आकडा लावलेली एक काठी असायची, तिच्याही नावात तेच. आपल्याकडे काथ्या वळतात तसं, असं तू म्हणालीस आणि मला एकदम आपल्या माडाखालची पडवी दिसली. मग त्या पिळण्यावरून विशेषण. पाचशे वर्षांपूर्वीच्या कागदांतसुद्धा सापडणारं. आधी लाकडाला लावत, ज्याच्या रेषा आतूनच पिळलेल्या असतात आणि सुताराला सरळ चिरता येत नाही अशा लाकडाला. मग वाकड्या हातापायाला, मानेला. मग दुखण्याने किंवा रागाने वाकड्या झालेल्या तोंडाला. मग वाईट हवेला. आणि सरतेशेवटी माणसाच्या स्वभावाला, जो सांगाल त्याच्या उलट वागतो, एकदा नाही म्हटलं की नाही, कुणाच्या बापाला बधत नाही. तिसऱ्या मेसेजच्या शेवटी तू म्हणालीस की तिकडचे लोक हा शब्द शिवी म्हणून वापरतात आणि लावून घेताना मात्र छाती पुढे काढतात. ताई, मी सत्तावीस वर्षं या माणसाच्या हाताखाली काम केलं आणि तो मला देवरुखात बसून तू समजावून दिलास. तुझे हे उपकार मी विसरणार नाही.

मग मी रिव्हिजन एफ लिहायला घेतली. विशेषण एक, अर्थ चार, पुरावे चार. पहिला अर्थ लाकडाचा. पुरावा, आबांच्या केबिनमधलं टोप्या अडकवायचं खोड. गाफच्या झाडाचं आहे, इकडे वाळवंटात होतं ते. सरळ करायला म्हणून तीन सुतारांनी हात लावला आणि तिघांनी सोडून दिलं, म्हणून आबांनी ते मुद्दाम ठेवून घेतलं. दुसरा अर्थ तोंडाचा. पुरावा, खराब वेल्डिंग बघून आबांचं तोंड ज्या तीन प्रकारे वाकडं होतं त्यांची जितेशने काढलेली आकृती, मापांसह. तिसरा अर्थ हवेचा. पुरावा, जूनमधली गालाची कुठलीही दुपार. यावर मात्र आबा अडले. आमच्या भागात हवेला असं कुणी म्हणत नाही, सहासष्ट वर्षांत ऐकलेलं नाही, म्हणाले. मी तू पाठवलेला पानाचा फोटो दाखवला तर त्यात नेमका तिसऱ्या अर्थावर तुझा अंगठा! अंगठ्याखाली काय आहे ते मला दिसत नाही, म्हणून मला मान्य नाही, असं म्हणाले. बराच वेळ हुज्जत झाली आणि तिसरा अर्थ ‘वादग्रस्त’ असा शेरा मारून ठेवला.

चौथा अर्थ माणसाचा. इथे मी चलाखी केली. प्रसंग लिहिला की ते खोडणार, हे ठरलेलं. म्हणून मी नुसतं लिहिलं, ‘पुरावा क्रमांक चार, हेड ऑफिसचे एकेचाळीस कागद. जोडपत्र मागाहून.’ आमच्या धंद्यात असं लिहायची पद्धत आहे, पण आबा कधी चालवून घेत नाहीत. जोडपत्र हातात नसताना त्यांनी एकतीस वर्षांत एकाही कागदावर शिक्का मारलेला नाही. त्यांनी ती ओळ वाचली, परत वाचली, खिडकीबाहेर बघितलं आणि मारला शिक्का! त्यांचं लक्ष नव्हतं, की होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता ते जोडपत्र. सफूरा नऊ वर्षांपूर्वी नवीनच लागली होती. रोज तो फॉर्म घेऊन जिना चढायचं आणि लाल करून परत आणायचं काम तिच्याकडे होतं. (बिचारी जिन्यात कुराणातल्या आयती म्हणायची, असं तिनेच सांगितलं.) परत आलेला कागद टाकायचा नाही, हा नियम, म्हणून तिने ते सगळे एका फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवले होते. एकेचाळीस. एफ लिहायच्या आधी मी तिला मानपत्राचं सांगितलं तेव्हा ती आत गेली आणि धूळ झटकून ती फाइल घेऊन आली.

परवा गुरुवारी संध्याकाळी वर्कशॉपमध्येच समारंभ झाला. दोन लाकडी पॅलेट जोडून स्टेज, त्यावर सतरंजी आणि खुर्ची. आमचे अर्बाब, म्हणजे मालक, मुस्तफा शेठ, पांढऱ्या झुळझुळीत पायघोळ दिशदाशात पहिल्या रांगेत. शाल सोलापूरची, श्रीफळ इकडच्याच सलालाचं. बाहेर एकेचाळीस डिग्री, त्यात आबांच्या अंगावर शाल, डोक्यावर इथल्या मराठी मंडळाकडून मागून आणलेली पुणेरी पगडी. पगडी लहान होती. ती पडू नये म्हणून मान ताठ ठेवून बसलेले आबा बघून पोरांना हसू आवरेना. मी मानपत्र वाचलं, जितेशने इंग्रजी केलं. लाकूड झालं, तोंड झालं, (आकृती दाखवली, टाळ्या पडल्या), हवा वादग्रस्त झाली. चौथ्या पुराव्याला सफूरा उठली, चालत गेली आणि फाइल आबांच्या मांडीवर ठेवली.

ताई, एरवी कुणीही काय केलं असतं? फाइल कपाळाला लावली असती, दोन शब्द बोलला असता, फोटो निघाले असते. आबांनी चष्मा लावला आणि पहिला कागद वाचायला घेतला. मग दुसरा. साठ माणसं समोर बसलेली, मागे बिर्याणीची पातेली उघडून ठेवलेली, आणि हा माणूस पगडी सांभाळत एकेक कागद तपासतोय. दहा मिनिटं झाली. वीस झाली. अर्बाब हळूच ‘यल्ला’, म्हणजे चला आता, म्हणाले, पण तेही स्वतःशीच. मी मानपत्राची फ्रेम धरून उभा. आता हा सगळ्यांदेखत ‘फॉर्म चुकीचे होते’ म्हणणार आणि माझे नऊ वर्षांचे आभार उडवून टाकणार, हे मला दिसत होतं.

एकेचाळीस कागद संपले. आबांनी फाइल मिटली आणि माझ्याकडे हात केला. मी फ्रेम दिली. त्यांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला (शालीखालीसुद्धा तो असतो!), मागचे चार स्क्रू सोडवले, काच बाजूला ठेवली, मानपत्र बाहेर काढलं. मग लाल पेन. एका ठिकाणी काहीतरी खोडलं, वर काहीतरी लिहिलं, सही केली आणि माझ्या हातात दिलं. एकेचाळीसवर काट होती. वर लिहिलं होतं, त्रेचाळीस.

मला कळेना. तेव्हा ते उठले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा न विचारता बोलले. पहिले दोन फॉर्म मी फाडून टोपलीत टाकले होते, म्हणाले. तेव्हा मला राग आला होता. चुका काढायचं तिसऱ्या दिवसापासून सुचलं. कागद फाडणं नियमाला धरून नव्हतं, त्याची नोंद व्हायला हवी. मग म्हणाले, फॉर्ममध्ये चूक एकही नव्हती. खलास. जेवायला चला.

ताई, मी रडलो. साठीला टेकलेला माणूस मी, सगळ्यांसमोर, दोन्ही डोळ्यांनी रडलो. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे ठेवायला गेले, आणि पगडी पडली. त्यावर सगळे हसले आणि मला तोंड पुसायला वेळ मिळाला. नऊ वर्षं मी जे म्हणायला जात होतो ते त्यांनी ऐकून घेतलं, आणि कबूलही केलं. तुझ्या त्या चार अर्थांशिवाय हे झालं नसतं. तुला मी लहानपणी फार छळलं, तुझी वही पाण्यात टाकली होती, ते सगळं आज मनापासून माफ कर.

भावोजींना नमस्कार, गाईला चारा, आणि तुला पुन्हा एकदा, काय लिहू, आई असती तर तिच्याही वाट्याचा नमस्कार.

तुझा धाकटा,
कृष्णा

ता. क. मानपत्र दुरुस्तीसह पुन्हा फ्रेम केलं. आबा स्वतःच ते हातात धरून चालले आहेत, बॅगेत टाकायला तयार नाहीत.

ता. क. २. तिसऱ्या अर्थाचा वाद मिटलेला नाही. आबांचं म्हणणं, ज्या बाईंनी हे सांगितलं त्यांच्या घरी जाऊन ते पान मी स्वतः बघणार. मी म्हटलं, माझी ताईही ऐकणारी नाही. ते म्हणाले, उत्तम.

ता. क. ३. तर ताई, हे पत्र तुला पोस्टमनने दिलेलं नाही. ज्याने दिलं तो उंच, लाल, घामाने थबथबलेला म्हातारा आता तुझ्या अंगणात उभा आहे. त्याला मीटर तपासायला आलेला समजू नकोस. चालून आला असेल, कारण संगमेश्वर स्टेशनवर रिक्षावाल्याशी भाड्यावरून नक्की वाजलं असणार. जेवणात तिखट बेताचं. आमटीत चूक काढली तर वाईट वाटून घेऊ नकोस, पान संपवेल. भावोजींना सांग, बुद्धिबळाचा डाव मांडा.

ता. क. ४. किती दिवस राहणार, असं तू विचारशील. त्यांनी आठ दिवस सांगितलंय. पण नोकरी संपताना एक कागद भरावा लागतो, त्यात ‘यापुढचा पत्ता’ असा रकाना आहे. सफूराने मला दाखवला, तो पंधरा दिवस कोरा होता. स्कॉटलंडात त्यांचं आता कुणी उरलेलं नाही, हे मला सत्तावीस वर्षांनी त्या रिकाम्या जागेवरून कळलं. मी त्यात तुझा पत्ता लिहिला. आबांनी वाचला आणि एकही चूक न काढता सही केली. तुला विचारलं नाही, त्याबद्दल मला काय बोलायचं ते फोनवर बोल, ऐकून घेईन. आधी त्यांना आत घे.